मोठेपणी पोहताय? एकट्यानं सराव करायचा की ग्रुप जॉइन करायचा, कसं ठरवायचं

आमच्या टँकवर चेंजिंग रूममध्ये दर दोनतीन आठवड्यांनी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. ताई, तुम्ही त्या सकाळच्या ग्रुपमध्ये पोहता ना, मी येऊ का, की अजून थोडं एकटीनं करू, जमेल का मला. दर वेळी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत पाच मिनिटांत सांगायचं म्हणजे अर्धं राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

आधी माझं थोडक्यात. मी ४४ वर्षांची, पुण्यात राहते. पोहायला शिकले आजोळच्या विहिरीत, सासवडच्या बाजूला, मामानं पाठीला सुक्या पांगाऱ्याचा बिंडा बांधून ढकललं होतं तसं. मग कॉलेज, नोकरी, लग्न, मुलगा, आणि पंचवीसेक वर्षं पाण्याशी संबंध फक्त कोकणात गेलं की गुडघाभर. ३९ व्या वर्षी परत टँकवर आले. पहिली दोन वर्षं पूर्ण एकटी पोहले, आणि आता तीन वर्षं ग्रुपमध्ये आहे, म्हणजे दोन्ही बाजू अंगावर घेऊन झाल्यात. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: स्ट्रोक सुधारायचा तो एकट्यानं, कारण त्याला सावकाशपणा लागतो, आणि दम आणि वेग वाढवायचा तो चार लोकांबरोबर, कारण तिथे आपण स्वतःला सवलत देत नाही. दोन्ही लागतं. फक्त आधी काय आणि किती, ते तुम्ही आज कुठे आहात त्यावर ठरतं.

आपल्याकडे मोठ्या माणसाची अडचण अशी आहे की पंधरावीस दिवसांची शिकायची बॅच संपली की पुढे काहीच नसतं. लहान मुलांना क्लबची टीम असते, कोच असतो, जिल्हा, राज्य अशा स्पर्धा असतात. आपल्याला मिळते जनरल बॅच, पाऊण तासाची, शिट्टी वाजली की आत, शिट्टी वाजली की बाहेर. त्यात कोण आडवं पोहतंय, कोण शॅलोला उभं राहून गप्पा मारतंय, कोण मान वर काढून ब्रेस्टस्ट्रोकचे राउंड मारतंय, आणि त्या सगळ्यातून वाट काढत आपण. यात सराव होतो का? होतो, पण तो नीट आखावा लागतो.

आधी स्वतःची परीक्षा घ्या

ग्रुपचा विचार करायच्या आधी एक सकाळ यासाठी ठेवा. २५ मीटरच्या टँकमध्ये १६ लेंथ, ५० च्या टँकमध्ये ८, म्हणजे ४०० मीटर फ्रीस्टाइल न थांबता मारून बघा. वेग कितीही कमी असू दे, पण भिंतीला धरून श्वास घ्यायचा नाही. वळताना हात लावून वळलात तरी चालेल, फ्लिप टर्न, म्हणजे पाण्यात कोलांटी मारून वळणं, यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. जमलं तर वेळ लिहून ठेवा. नाही जमलं तर किती मीटरला थांबावं लागलं आणि का, ते लिहा. धाप लागली, की खांदा भरून आला, की नाकात पाणी गेलं, की नुसतीच भीती वाटली, ही चारही कारणं वेगळी आहेत आणि चारांचे उपाय वेगळे.

दुसरं, एका लेंथला हात किती पडतात ते मोजा. दोन्ही हात धरून. २५ मीटरला माझे सुरुवातीला ३० पडायचे, आता २१-२२. हा आकडा दुसऱ्याशी ताडून बघू नका, उंची आणि हाताची लांबी यावर तो खूप बदलतो, पण स्वतःचाच आकडा महिन्याभरानं परत मोजला तर आपण पाणी मागे ढकलतोय की नुसतं कापतोय हे लगेच कळतं.

तिसरं, कुणाकडून तरी स्वतःचा व्हिडिओ काढून घ्या. बऱ्याच टँकवर मोबाइल आत न्यायला बंदी असते आणि ती योग्यच आहे, विशेषतः महिला बॅचला, त्यामुळे चोरून काही करू नका. कोचला किंवा ऑफिसमध्ये विचारा, बॅच संपल्यावर टँक रिकामा असताना दोन लेंथपुरती परवानगी बहुतेक वेळा देतात. समोरून एक आणि बाजूनं एक. स्वतःला पोहताना पहिल्यांदा बघणं हा मोठा धक्का असतो, आपल्या मनात आपण जसे पोहत असतो तसे आपण पोहत नसतोच.

एकट्यानं करताना नेमकं काय करायचं

इथे माझी सगळ्यात मोठी चूक सांगते कारण टँकवर दहातले आठ लोक हीच करताना दिसतात. मी दोन वर्षं रोज चाळीस राउंड (एक राउंड म्हणजे २५ मीटरची एक लेंथ) मारायचे. रोज. एकाच वेगानं, एकाच श्वासानं, फक्त उजवीकडे तोंड काढून. चाळीस झाले की समाधान वाटायचं, घरी येऊन पोहे खायचे आणि ऑफिसला जायचे. पहिल्या तीन महिन्यांत वेळ सुधारली आणि त्यानंतर पुढची जवळजवळ दोन वर्षं ती तिथेच, आणि वर उजवा खांदा दुखायला लागला, इतका की रात्री त्या कुशीवर झोपता येईना. मग एक दिवस लहान मुलांना शिकवणारे एक वयस्कर सर कडेला उभे होते, त्यांनी दोन लेंथ पाहिल्या आणि म्हणाले, मॅडम तुमचा डावा हात डोक्याच्या पलीकडे जाऊन पडतोय, म्हणून कंबर सापासारखी हलते, आणि ती सावरायला सगळा जोर उजवा खांदा लावतोय. दोन वर्षांत मला न कळलेली गोष्ट त्यांना दोन मिनिटांत दिसली. पाण्यात स्वतःचा हात कुठे पडतो हे स्वतःला खरंच कळत नाही. मला तर तो सरळच पडतोय असं वाटत होतं.

त्यामुळे एकट्यानं करायचं तर नुसते राउंड मोजू नका, पाऊण तासाचे तुकडे करा. मी कागदावर पेननं लिहून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टँकच्या ओल्या भिंतीला चिकटवते, तो मस्त चिकटून राहतो. सुरुवातीला असं करून बघा: आधी २०० मीटर अगदी निवांत, कुठल्याही स्ट्रोकनं. मग ४ वेळा ५० मीटर ड्रिल, म्हणजे एक हात पुढे लांब ठेवून दुसरा हात त्याला येऊन भेटेपर्यंत थांबायचं, किंवा बोटांची टोकं पाण्यावरून घासत हात पुढे आणायचा. मग मुख्य काम, ८ वेळा ५० मीटर, प्रत्येकाच्या मध्ये २० सेकंद विश्रांती, आणि आठही ५० शक्यतो सारख्याच वेळात. पहिला झोकात आणि आठवा रडत असं नको. मग ४ वेळा २५ मीटर जोरात, मधे हवा तेवढा दम खाऊन. शेवटी १०० निवांत. हे सगळं मिळून १००० मीटर होतात आणि पाऊण तासात बसतात. चाळीस राउंड, म्हणजे तेवढंच अंतर, सलग मारण्यापेक्षा हे फार वेगळं आहे, पहिल्याच आठवड्यात शरीराला फरक कळतो.

एका दिवशी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. आज फक्त श्वास पाण्यात पूर्ण सोडणं. मोठेपणी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाची हीच गडबड असते, आपण पाण्यात श्वास दाबून धरतो आणि तोंड बाहेर काढल्यावर त्या अर्ध्या सेकंदात सोडणं आणि घेणं दोन्ही करायला बघतो, मग धाप लागणारच, आणि आपल्याला वाटतं आपला स्टॅमिना कमी आहे. तोंड पाण्यात गेलं की बुडबुडे सुरू, नाकातून किंवा तोंडातून, सतत. हे एवढं एक जमलं की कित्येकांचे १०० मीटरचे ४०० होतात. उद्या फक्त डोकं खाली ठेवणं. परवा दोन्ही बाजूंना श्वास. सगळं एकदम सुधारायला गेलात तर काहीच सुधारत नाही.

घड्याळ वापरा. महिन्यातून एकदा हा हिशोब करा, एकट्यानं सराव करणाऱ्याला यासारखा आरसा नाही: ४०० मीटर जेवढ्या जोरात एकसारखं जाता येईल तेवढं जा, वेळ लिहा, दहा मिनिटं हळूहळू पोहून दम खा, मग २०० मीटर तसंच जा. मोठ्या वेळेतून छोटी वजा करायची आणि दोननं भागायचं, आलेला आकडा म्हणजे तुम्ही बराच वेळ टिकवू शकाल असा १०० मीटरचा वेग. उदाहरण देते. माझं पहिलं ४०० होतं ११ मिनिटं २० सेकंद आणि २०० होतं ५ मिनिटं २० सेकंद. फरक ६ मिनिटं, भागिले २, म्हणजे १०० मीटरला ३ मिनिटं. ग्रुपमध्ये वर्षभर काढल्यावर ४०० आलं ९:५० आणि २०० आलं ४:४०, फरक ५:१०, म्हणजे १०० ला २:३५. हा आकडा हातात असला की कुठल्याही ग्रुपमध्ये गेल्यावर कोणत्या लेनमध्ये उभं राहायचं ते विचारावं लागत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. एकटे असाल तेव्हा श्वास रोखून पाण्याखालून लांब जायचा प्रयोग करू नका. पोरं पैज लावून करतात, मोठेही करतात. आधी भरभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटतो तो त्या कार्बन डायऑक्साइडमुळे, ऑक्सिजन संपल्यामुळे नाही. म्हणजे ऑक्सिजन संपून शुद्ध जाते तरी शरीर आतून ओरडत नाही. चांगले पोहणारे यात जातात, शांतपणे, कुणाला कळतही नाही. लाइफगार्ड कडेला नसेल तर टँकमध्येही एकट्यानं उतरू नका, सोसायटीच्या टँकमध्ये तर नक्कीच नको, तिथे सकाळी सहाला बऱ्याचदा कुणीच नसतं.

ग्रुपमध्ये कधी जायचं

आधी फिट होते मग जाते, वेग वाढला की जातो, हे मी इतक्या वेळा ऐकलंय आणि स्वतः दीड वर्ष म्हटलंय. वेगाची अट नसतेच मुळी, बऱ्या ग्रुपमध्ये वेगाप्रमाणे लेन असतात. माझ्या मते तीन गोष्टी पुरेत. ४०० मीटर न थांबता, सावकाश का होईना. डीपला मधेच थांबायची वेळ आली तर मिनिटभर पाण्यात उभं राहून हातपाय मारत तरंगता येणं, कारण पाच जणांच्या लेनमध्ये कधी कुणाचा पाय गॉगलवर बसेल सांगता येत नाही आणि तेव्हा घाबरून चालत नाही. आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेकंद काटा वाचता येणं. यातलं पहिलं जमत नसेल तर अजून दोनेक महिने वर लिहिलंय तसं एकट्यानं करा. नाहीतर ग्रुपच्या मागे गटांगळ्या खात फक्त वाईट सवयी पक्क्या होतात.

ग्रुप म्हणजे तरी काय, हेही आधी बघून घ्या, कारण एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी असतात. एक असते कोचची मास्टर्स बॅच, पंचविशीच्या पुढची माणसं, बहुतेक पहाटे साडेपाच-सहाला, लिहिलेला सेट, म्हणजे किती अंतर किती वेळा मारायचं ते आधी ठरलेलं, आणि लेन ठरलेल्या. दुसरा ट्रायथलॉनवाल्यांचा, त्यांना सायकल आणि धावणंही असतं म्हणून त्यांचं पोहणं फ्रीस्टाइलपुरतं आणि पाय राखून, वेगळ्या पद्धतीचं. तिसरा समुद्रात पोहणाऱ्यांचा, लांब अंतरं, सुट्टीच्या दिवशी बाहेरगावी. आणि चौथा, आपल्याच बॅचमधले तिघंचौघं ज्यांनी ठरवलंय की मंगळवार-गुरुवार आपण एकत्र सेट मारायचा. हा चौथा प्रकार लोक मोजतच नाहीत, पण मला विचाराल तर सुरुवातीला हाच सगळ्यात चांगला.

पैसे भरायच्या आधी एक अख्खं सेशन कडेला बसून बघा. खुर्चीवर बसा, पाण्यात उतरू नका. कोच पाण्याकडे बघतोय का मोबाइलकडे. एका लेनमध्ये किती जण आहेत, २५ मीटरमध्ये पाच-सहाच्या वर असतील तर पोहणं कमी आणि थांबणं जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या लेनमधल्या सगळ्यात हळू माणसाकडे बघा. त्याचा सेट छोटा करून दिलाय का, त्याच्याशी कुणी बोलतंय का, की तो बिचारा सगळे निघून गेल्यावर एकटाच पूर्ण करतोय. तुम्ही जॉइन झालात की पहिले सहा महिने तुमची जागा तीच असणार आहे.

मी स्वतः एक ग्रुप सोडलाय. नाव नाही घेत. तिथे २२ वर्षांच्या मुलाला आणि ५० च्या बाईला एकच सेट, आणि खांदा दुखतोय म्हटलं तर उत्तर यायचं होईल सवय. पोहण्यात दमल्यानं स्नायू जड होणं वेगळं आणि सांध्यात टोचणं वेगळं, टोचत असेल तर थांबायचं असतं, आणि हाताला पॅडल, म्हणजे तळहातावर बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, लावून तर अजिबात पोहायचं नसतं कारण पॅडलनं खांद्यावरचा भार वाढतो. मी सहा आठवडे तिथे निमूटपणे केलं, ते करायला नको होतं. चांगला कोच पहिल्याच दिवशी विचारतो, बीपी आहे का, दमा आहे का, खांदा-कंबरेचं काही जुनं दुखणं आहे का, काही ऑपरेशन झालंय का. नाही विचारलं तर तुम्ही आपणहून सांगा, आणि चाळिशीच्या पुढे असाल, बरीच वर्षं काही केलेलं नसेल तर जोरातल्या सेटच्या आधी डॉक्टरला एकदा दाखवून या.

बायकांसाठी थोडं वेगळं सांगायचंय. महिला बॅच बहुतेक ठिकाणी सकाळी उशिरा किंवा दुपारी असते, आणि तिथे ट्रेनिंग जवळपास नसतंच, त्यामुळे सेट करायचा म्हणजे मिक्स ग्रुप आणि पहाटेची वेळ. आधी साध्या गोष्टी विचारून घ्या: त्या वेळेला लेडीज चेंजिंग रूम उघडी असते का, कारण पहाटे बायका येत नाहीत म्हणून कुलूप असतं आणि चावी कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं असं माझ्याबाबतीत झालंय. ग्रुपमध्ये अजून कुणी बाई आहे का. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम चालतो का, बहुतेक ठिकाणी चालतो, फक्त सुती नको, अंगाला बसणारा लायक्रा-नायलॉनचा हवा. आणि शक्य असेल तर एक मैत्रीण बरोबर घेऊन जा, पहिल्या दोन आठवड्यांपुरती तरी. माझ्याबरोबर माझी जाऊ आली होती, ती नंतर सुटली, मी टिकले, पण ती नसती तर मी गेटवरूनच परत फिरले असते.

लेनमध्ये कसं वागायचं

हे कुणी सांगत नाही आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त टेन्शन याचंच असतं. लेनमध्ये गोल फिरायचं असतं, एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं, मधल्या काळ्या पट्टीवरून नाही. कोणत्या बाजूनं जायचं ते टँकप्रमाणे बदलतं म्हणून उतरायच्या आधी विचारा, समोरासमोर डोकी आपटली तर खरंच लागतं. पुढचा निघाला की ५ किंवा १० सेकंदांनी तुम्ही निघायचं, चिकटून नाही. मागच्याचा हात तुमच्या पायाच्या तळव्याला हलकेच लागला तर त्याला पुढे जायचंय, भिंतीपाशी कोपऱ्यात बाजूला व्हा आणि जाऊ द्या. त्यात अपमान काही नाही, तीच खूण आहे. थांबायचं असेल तर कोपऱ्यात थांबा, भिंतीच्या मधोमध उभं राहू नका, तिथे सगळ्यांना वळायचं असतं.

सेट सांगताना कोच म्हणेल, दहा शंभर, तीनवर. म्हणजे १०० मीटर दहा वेळा, आणि दर तीन मिनिटांनी निघायचं. तुम्हाला एका शंभरला २:३५ लागले तर २५ सेकंद विश्रांती, २:५० लागले तर दहाच. विश्रांती ठरलेली नसते, निघायची वेळ ठरलेली असते, आणि इथेच एकट्याच्या सरावापेक्षा सगळा फरक पडतो. एकटी असताना मी वीस सेकंद म्हणत तीस घ्यायचे, गॉगल पुसायचे, टोपी नीट करायचे. इथे घड्याळाचा काटा वर आला की पुढचा निघतो आणि मागचा वाट बघत असतो. माझ्या २५ सेकंदांच्या सुधारणेतला निम्मा वाटा नुसत्या या एका गोष्टीचा आहे असं मला वाटतं.

पहिल्या दिवशी लेनमध्ये सगळ्यात शेवटी निघा. एक तर गोंधळ होत नाही, आणि दुसरं म्हणजे पुढच्याच्या पायांमागे पोहताना पाणी आधीच फाटलेलं असतं, कमी जोर लागतो. फक्त त्यामुळे आपला वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो हे लक्षात ठेवा. सेट पूर्ण झाला नाही तर एक ५० सोडा आणि पुढच्यात सामील व्हा. सगळे सोडतात.

ग्रुपमध्ये जे बिघडतं

तेही सांगायलाच हवं. ग्रुपमध्ये गेल्यावर दोन महिन्यांत माझी वेळ सुधारली आणि स्ट्रोक बिघडला. पुढच्याला गाठायच्या नादात हात भराभर पडायला लागले, २३ वर आलेला आकडा परत २७ वर गेला, डावा हात परत आत जायला लागला. सेट चालू असताना थांबून हात कुठे पडतोय बघायला वेळच नसतो, आणि कोच एकटा वीस जणांना बघतोय, त्यानं एकदा सांगितलं तरी पुढच्या लेंथला आपण विसरलेलो असतो. म्हणून मी शुक्रवार परत एकटीचा केला. मंगळवार आणि गुरुवार ग्रुप, शुक्रवार एकटी, फक्त ड्रिल आणि हात मोजणं, घड्याळाकडे बघायचंच नाही. आणि रविवारी घरी रबर बँड बांधून खांद्याचे व्यायाम, पंधरा-वीस मिनिटं. या चार दिवसांत नोकरी आणि घर सांभाळून जेवढं होतं तेवढं पुष्कळ आहे. आठवड्याला तीनच वेळा जमत असेल तर दोन ग्रुप, एक एकट्यानं. दोनच जमत असेल तर एक-एक. आठवड्यातून एकदाच जमत असेल तर मात्र ग्रुपचे पैसे भरू नका, दर वेळी पहिल्यापासून सुरू केल्यासारखं होईल आणि मन खट्टू होईल.

तालुक्याच्या गावी टँक आहे पण ग्रुप नाही, असं बऱ्याच जणांचं असतं. तर दोघं जण शोधा, दोघं पुरतात. वेग सारखा नसला तरी चालतो: हळू जाणारा ५० मीटर मारेल तेवढ्यात वेगवान ७५ मारेल, पण निघायची वेळ एक ठेवा. आणि दर सेशनला पाच मिनिटं एकानं कडेला उभं राहून दुसऱ्याला बघायचं, एकच गोष्ट बघायची आणि एकच सांगायची. कोच नसला तरी बाहेरून बघणारे डोळे मिळाले की निम्मं काम होतं. विहिरीत किंवा नदीला जात असाल तर तिथे हा दुसरा माणूस ऐच्छिक नाहीच, आणि पावसाळ्यात नदी आणि धरणं सोडून द्या, कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी.

समुद्राचं स्वप्न असेल, आणि ते असावं, तर तिथे एकट्यानं की ग्रुपमध्ये हा प्रश्नच उरत नाही. आपल्या पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पार केल्या, २०१८ मध्ये ते पूर्ण करणारे ते पहिले आशियाई ठरले. ही सगळी पोहणी सोलो म्हणतात, पण शेजारी कायम बोट असते, त्यात मार्ग दाखवणारा, खायला देणारा, नियम पाळले जाताहेत ना ते बघणारा अशी माणसं असतात, फक्त त्यांना पोहणाऱ्याला हात लावता येत नाही. एवढी मोठी माणसं एकटी उतरत नाहीत तर आपण का उतरायचं. आपल्याकडे सुरुवात करायला मालवणला डिसेंबरमध्ये चिवला बीचवर दरवर्षी स्पर्धा होते, छोट्या अंतरांपासून १० किलोमीटरपर्यंत. मुंबईत समुद्रातल्या सनक रॉकपासून गेटवेपर्यंतची ५ किलोमीटरची आहे. अशा स्पर्धेत उतरायचं तर आधी दोनतीन वेळा ग्रुपबरोबर समुद्रात जाऊन या: भरती-ओहोटीची वेळ बघणं, दर आठदहा हातांनी डोळे वर काढून दिशा बघणं, कमरेला रंगीत फुगा बांधणं, जेलीफिश लागली तर काय करायचं, हे टँकमध्ये कळत नाही. तिथे खाली काळी पट्टी नसते, खाली काहीच दिसत नसतं, आणि त्याची पहिल्यांदा खरंच भीती वाटते.

स्पर्धेचं नाव काढलं की लोक म्हणतात आता कसली स्पर्धा या वयात. अहो मास्टर्स पोहणं सुरूच २५ व्या वर्षी होतं, आणि पुढे पाच पाच वर्षांचे गट असतात, ४०-४४, ४५-४९ असे वर वर. रिलेमध्ये तर चौघांच्या वयाची बेरीज करतात, १००-११९, १२०-१५९, १६०-१९९ असे गट. आमची चौघींची बेरीज मागच्या वर्षी १७६ झाली, त्यात सगळ्यात मोठी ५३ ची, आणि तीच सगळ्यात शांत. रिले एकट्यानं करता येत नाही. पुढची भिंतीला हात लावायला येतेय आणि आपण उडी मारायच्या ब्लॉकवर वाकून तिच्या हाताकडे बघतोय, त्या तीनचार सेकंदांत पोटात जे होतं ते मला दोन वर्षांच्या एकटीच्या राउंडमध्ये एकदाही झालं नव्हतं.

शेवटी वेळेचं सांगते, कारण याची चूक बरेच जण करतात. एप्रिल-मेमध्ये ग्रुप शोधायला जाऊ नका. तेव्हा उन्हाळी बॅचेसची पोरं, सगळे कोच शिकवण्यात अडकलेले, पाण्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्हाला कुणी नीट उत्तरही देणार नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की टँक रिकामे व्हायला लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये पावसात तर लेनमध्ये दोघंच असतात आणि कोचकडे वेळच वेळ असतो. एप्रिल-मे एकट्यानं काढा, ४०० पक्कं करा, वेळ लिहून ठेवा, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाऊन विचारा की एक आठवडा ट्रायल द्याल का, माझं शंभर एवढ्यात होतं, कोणत्या लेनमध्ये उतरू.